गुलाबची हाय-टेन्शन पार्टी

आमच्या शेजारचा गुलाब कुठलीही महत्त्वाची गोष्ट बोलण्याआधी "हॅलो, हॅलो, वन, टू, थ्री" म्हणायचा. समोर माइक असो वा नसो. गावातल्या आमच्या वॉर्डात कुणी वारलं की गुलाब सगळ्यांच्या आधी पोचे, खांद्यावरचा टॉवेल हातात घेई, मान खाली घालून अगदी हलक्या आवाजात "हॅलो, वन, टू" म्हणे आणि मग "गंज वाईट झालं", म्हणजे फार वाईट झालं, असं पुटपुटे. नव्या माणसाला वाटायचं, हा चेष्टा करतोय. जुन्यांना त्याची इतकी सवय झाली होती की एकदा घाईत तो तसाच बोलायला लागला, तर कोपऱ्यावरचे म्हातारे शिंपीबुवा म्हणाले, "थांब रे, टेस्टिंग राह्यली."

स्वतःसाठी मुलगी पाहायला तो वारासिवनीला गेला तेव्हाही हेच. पोहे आले, मुलगी आली, काय विचारायचं ते विचारा म्हणून मंडळींनी सांगितलं. गुलाबनं घसा साफ केला आणि "हॅलो, हॅलो" म्हणाला. मुलगी इतकी हसली की तिची आत्या तिला आत घेऊन गेली, ती काही परत बाहेर आली नाही. मी विचारलं तर गुलाब म्हणाला, "पोरगी चांगली होती वहिनी. हसन्यात करंट होता. पन लाइन जोडल्या गेली नाही."

जगातल्या सगळ्या गोष्टींचे त्यानं दोन भाग केले होते. एक करंट असलेल्या, दुसऱ्या फ्यूज गेलेल्या. माझ्या आंबट वरणात करंट होता. आमच्या ह्यांच्या कचेरीतले साहेब फ्यूज गेलेले होते. वैनगंगेला पूर आला की तो पुलावर उभा राहून म्हणायचा, "आता लागला पाहा करंट."

मी नागपूरची. लग्न होऊन मध्य प्रदेशातल्या बालाघाटला आले आणि तिथल्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवू लागले, तोही हिंदीतून. एकोणीसशे सत्तरच्या अलीकडे-पलीकडे आम्ही ज्या घरात भाड्यानं राहायचो, त्याच्या भिंतीला भिंत लागून गुलाबचं घर होतं. त्याचा धंदा लाऊडस्पीकर भाड्यानं देण्याचा. लग्न, बारसं, सभा, भजन, कुठंही जा, झाडावर गुलाबचा भोंगा लटकलेला असायचा. घरी तो आणि त्याची माय, दोघंच. माय ठार बहिरी. तरुणपणी मोठा ताप आला आणि कान घेऊन गेला. समोरच्याचे ओठ पाहून ती सगळं समजून घ्यायची आणि स्वतः मात्र सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं बोलायची. लोक म्हणत, भोंगेवाल्याच्या घरी बहिरी माय, देवाला बरोबर ठाऊक असतं कुणाला कुठं ठेवायचं.

या गुलाबला रॉकचं वेड लागलं ते रेडिओमुळे. घरामागच्या कडुनिंबावर त्यानं तांब्याची तार ताणली होती. तिच्यावर कुठकुठली परदेशी स्टेशनं खरखरत उतरायची. त्यातली ती धडाड-धूम गाणी ऐकून गुलाब पार बदलून गेला. भजनाच्या कार्यक्रमाला भोंगा लावून झाला की माइक तपासायच्या निमित्तानं तो दोन ओळी तसल्या ठोकून द्यायचा. गुडघे वाकवायचा, मान झटकायचा, डोळे मिटायचा. भजनी मंडळी टाळ धरून वाट पाहत बसायची.

गंमत म्हणजे गुलाबला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. रेडिओवर जसं ऐकू यायचं तसं तो म्हणायचा, आणि जिथं खरखरीत शब्द बुडालेले असत तिथं स्वतःचे घालायचा. एकदा भिंतीपलीकडून तास-दीड तास मी ते ऐकलं. त्यात इंग्रजीचा धड एकही शब्द नव्हता, पण उच्चार असे की एखादा साहेब शेजारच्या खोलीत चिडून बोलतोय असं वाटावं. मी विचारलं, गुलाब, ही कुठली भाषा? तो म्हणाला, इंग्रजी. मी म्हटलं, मला थोडं येतं इंग्रजी, हे ते नव्हे. त्यावर तो शांतपणे म्हणाला, "तुमचं शाळेचं आहे वहिनी. हे गान्याचं आहे."

जोसेफ त्याला बैहरला भेटला. तिथल्या मिशनच्या दवाखान्यात काही कार्यक्रम होता. गुलाब बसच्या टपावर भोंगे बांधून घाट चढून गेला होता. जोसेफ त्या दवाखान्यात कंपाउंडर. गोंड घरातला, मिशनच्या शाळेत शिकलेला, ताडासारखा उंच आणि इतका भिडस्त की दाराची चौकट डोक्याला लागली तर चौकटीलाच "माफ करना" म्हणेल. एक पाद्रीसाहेब मायदेशी परतताना त्याला आपली गिटार देऊन गेले होते. तिच्यावर तो प्रार्थनेची गाणी वाजवायचा. त्या दिवशी त्यानं वाजवली, पण मागच्या रांगेपर्यंत काही ऐकू गेलं नाही.

गुलाबनं कार्यक्रम संपल्यावर त्याला धरला. भंगारातून मिळवलेल्या एका मेलेल्या टेलिफोनच्या रिसिव्हरमधली गोल डबी त्याच्या पिशवीत होती. ती त्यानं गिटारच्या पोटाला चिकटपट्टीनं लावली, तिची तार आपल्या भोंग्याच्या मशीनला जोडली आणि म्हणाला, आता वाजव. जोसेफनं एक तार छेडली. दवाखान्याच्या छपरावरची कबुतरं उडाली. जोसेफ दोन पावलं मागं सरकला, गिटारकडे पाहत राहिला, आणि मग त्याच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की, गुलाबच्या शब्दांत, "सारा बैहर उजेडात आला."

तेव्हापासून दर शनिवारी दुपारच्या बसनं जोसेफ बालाघाटला यायला लागला. गिटार चादरीत गुंडाळलेली, हातात गुलाबच्या मायसाठी जंगलातलं काहीतरी, कधी चारोळी, कधी मध. आला की आधी मायच्या पाया पडायचा. माय ओरडून म्हणायची, "अजून लंबा झाला काय रे तू?" मग तालीम सुरू व्हायची. गुलाब एका पायानं पत्र्याचा डबा वाजवायचा आणि गायचा, जोसेफची गिटार भोंग्यातून फाटलेल्या आवाजात किंचाळायची. आमचे हे कानात कापूस घालून कचेरीचे कागद लिहीत बसत. पलीकडच्या राइस मिलमध्ये धान वाळवणाऱ्या बाया मात्र हातातली दाताळी त्या ठेक्यावर ओढू लागल्या. मिलचा मुकादम म्हणाला, शनिवारी काम लवकर उरकतं.

पार्टीचं नाव काय ठेवायचं यावर पुष्कळ चर्चा झाली. जोसेफला "दोन मित्र" असं काहीतरी हवं होतं. गुलाबनं विजेच्या खांबावरची कवटीची पाटी दाखवली. "हाय-टेन्शन," तो म्हणाला. "वाचल्याबरोबर मानूस दूर होते. आपून पाहू, जवळ येते का." पुढं बरेच दिवस लोक त्यांच्याकडे विजेच्या बिलाची तक्रार घेऊन येत.

पहिला कार्यक्रम मंडईत झाला. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. जत्राच ती. दुकानं लागतात, लेकी-जावई येतात, दंडारीचे, म्हणजे इकडच्या लोकनाट्याचे, खेळ होतात. बालाघाटजवळच्याच एका गावच्या मंडईत दंडारीच्या दोन खेळांमध्ये गुलाबनं अर्धा तास मागून घेतला. आम्हीही बैलगाडीनं गेलो. स्टेजवर दोघं चढले. गुलाबच्या अंगात मिलमालकाच्या मुलाचा जुना चकाकता शर्ट, जोसेफ दवाखान्याच्या पांढऱ्या कोटात. गुलाबनं टेस्टिंग केली आणि मग जे सुरू झालं ते त्या गावानं जन्मात ऐकलं नव्हतं. पहिल्या गाण्याला बैल उधळले. दुसऱ्याला लोक उभे राहिले. तिसऱ्याला दंडारीतला राक्षस झालेला माणूस मुखवट्यासकट स्टेजसमोर येऊन नाचायला लागला आणि त्याच्यामागं सगळी पोरं. मी शाळेत शिकवणारी बाई, चार लोकांत पदर सावरून बसणारी. पण माझेही पाय चटईवर ठेका धरत होते हे ह्यांनी पाहिलं आणि पुढं आयुष्यभर ऐकवलं.

परतताना गाडीत गुलाब हवेत होता. जोसेफ अतिशय नम्रपणे म्हणाला, "गुलाब भैया, ये अंग्रेज़ी नहीं है." गुलाबला वाटलं तो थट्टा करतोय. पण जोसेफ देवभोळा माणूस. लोकांना इंग्रजी म्हणून भलतंच काही ऐकवणं त्याला खोटं बोलण्यासारखं वाटत होतं. त्यानं सांगितलं, मी तुला खरे शब्द शिकवतो, अर्थासकट.

झालं, इथं घोटाळा झाला. जोसेफ शनिवारी शिकवून जायचा आणि आठवडाभर गुलाब परसातल्या भिंतीवरून मला शंका विचारायचा. एकदा म्हणाला, "वहिनी, बेबी म्हंजे लेकरू ना?" मी म्हटलं, हो. "मंग लेकराले रातीले भेटाले काहून बोलावते?" मी विळीवरून हात काढला आणि शक्य तेवढ्या गंभीरपणे सांगितलं की ते लेकरू नव्हे, ती प्रेयसी. गुलाब कानापर्यंत लाल झाला. दुसऱ्या दिवशी त्याला "हनी"चा अर्थ कळला, तिसऱ्या दिवशी मिठीचा. इतके दिवस आपण भजनी मंडळींसमोर, वॉर्डातल्या आयाबायांसमोर डोळे मिटून काय काय गात होतो, याची त्याला आता कल्पना यायला लागली.

पुढचा कार्यक्रम मिलमालकाकडच्या साखरपुड्याचा होता. गुलाब माइकसमोर उभा राहिला, समोर पहिल्या रांगेत पाहुण्या बाया बसलेल्या. जोसेफनं सुरुवात केली. गुलाबच्या तोंडून शब्द निघाले ते हजेरी द्यावी तसे. ना गुडघे वाकले, ना मान हलली. मिठीची ओळ आली तेव्हा तो चक्क खोकला. लोकांनी सभ्यपणे टाळ्या वाजवल्या आणि जेवायला उठले. भोंगे सोडवताना गुलाब मला म्हणाला, "अर्थानं मारलं वहिनी. अर्थ नव्हता तवा गंज मजा होती."

त्या शनिवारी मी जोसेफला पहिल्यांदा आवाज चढवलेला ऐकला. म्हणजे त्याच्या मानानं चढवलेला. तो गुलाबला सांगत होता की तू जे आहेस ते माझ्या शब्दांनी बंद पडतं, तर चूक माझी. पण लोकांना खोटंही ऐकवायचं नाही. मग एकच रस्ता आहे. "अपनी बोली में गाओ, भैया. जिसमें लड़ते हो, उसी में गाओ."

त्यानंतर आठवडाभर गुलाब स्टेशनावर जाऊ लागला. गोंदियाहून येणारी छोटी लाइन, म्हणजे आमची ती अरुंद रुळांवरची खेळण्यासारखी गाडी, ती स्टेशनात शिरताना रोज पाहत बसायचा. पुढच्या शनिवारी त्यानं गाणं काढलं.

हळू चाल वो छोटी गाडी, मन माह्यं मांगं राह्यलं,
गोंदिया आलं, गोंदिया गेलं, कोनी नाही पाह्यलं.

कागदावर ते साधंच दिसतं. पण जोसेफनं त्याखाली गिटारवर इंजिन सुरू केलं. आधी हळूहळू, चाकं सुटी होत जावीत तसं, मग वेग घेत, मग पुलावरून धडधडत. गुलाबचे गुडघे आपोआप वाकले. मी पोळ्या टाकत होते. तव्यावरची पोळी करपली, मी तशीच उभी राहिले.

सव्वीस जानेवारीला संध्याकाळी शाळेच्या मैदानावर कार्यक्रम असायचा. देशभक्तीची गाणी, कवायत, लेझीम. गुलाबचेच भोंगे असल्यामुळे त्याला नाही म्हणणं कुणाला जमलं नाही. सगळ्यांत शेवटी हाय-टेन्शन पार्टी आली. अर्धे लोक उठून चालले होते. गुलाबनं गायला सुरुवात केली आणि ते उठलेले लोक थांबले. त्यांच्या घरात, चुलीपाशी बोलली जाणारी भाषा भोंग्यातून येत होती, आणि अशी येत होती की अंगावर काटा यावा. मैदानावर हिंदी बोलणारे होते, मराठी बोलणारे होते, पण त्या गाडीत प्रत्येकजण कधी ना कधी बसला होता.

दुसऱ्या कडव्याला जोसेफ चुकून भोंग्याच्या फार जवळ गेला. ती डबी आणि भोंगा एकमेकांशी भांडल्यासारखे किंचाळले. अशी लांबलचक, कानठळ्या बसवणारी शिट्टी निघाली की जोसेफ घाबरून मागं हटणार होता. गुलाबनं त्याचा दंड धरून त्याला तिथंच उभं केलं. लोकांना वाटलं, ही गाडीची शिट्टी. सगळं मैदान ओरडलं. मग गुलाबनं त्याला पुढं ढकलावं, शिट्टी व्हावी, मागं ओढावं, गाडी चालू लागावी. पोलिसांच्या बँडचा ढोलवाला स्वतःहून ढोल घेऊन स्टेजवर चढला. गाणं तीनदा म्हणावं लागलं. माझ्या वर्गातल्या मुली एकमेकींच्या कमरेला धरून मैदानभर आगगाडी करून पळत होत्या आणि त्यांना थांबवायची जबाबदारी असलेली मी त्यांच्यातल्या शेवटच्या डब्याला धरून पळत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरचे एक गृहस्थ गुलाबला शोधत आले. त्यांचा ऑर्केस्ट्रा होता, गावोगाव फिरायचा. बालाघाटला ते सासुरवाडीला आले होते आणि आदल्या संध्याकाळी मैदानात होते. गुलाबच्या घरात भोंग्यांमुळे बसायला जागा नव्हती, म्हणून मंडळी आमच्या ओसरीवर बसली. चहा मीच दिला. गृहस्थ म्हणाले की असलं काही त्यांनी नागपुरातसुद्धा ऐकलेलं नाही. दोघांनीही यावं, राहण्याजेवणाची सोय ते करतील, पुढं मुंबईलाही नेतील. जोसेफनं भरलेला कप तसाच खाली ठेवला. गुलाब इतका हसला की त्याच्या मागच्या दाढा मला पहिल्यांदा दिसल्या. त्यानं एकच विचारलं, वर्षातून किती दिवस फिरावं लागते? गृहस्थ म्हणाले, पावसाळा सोडला तर जवळजवळ सगळंच वर्ष. ते उठताना पुन्हा म्हणाले, "दोघंही या बरं का."

चार दिवसांनी गुलाबनं नाही म्हणून सांगितलं. कारण काय, तर नागपूरचं व्होल्टेज चांगलं नाही. जोसेफनं समजावलं, हात जोडले, शेवटी विचारलं, खरं कारण सांग. गुलाब म्हणाला, खरंच सांगतो, तिथली वीज पातळ आहे, आपल्या मशीनले झेपत नाही. निदान माझ्याशी तरी खोटं बोलू नये, एवढं म्हणून जोसेफ उठला. मिशनची नोकरी सोडून तो गेला, एकटाच. गाडीवर पोचवायला गुलाब गेला नाही, त्या दिवशी कुठंतरी लग्नाला भोंगे लावायचे आहेत म्हणाला. शनिवारची बस पुन्हा नुसतीच येऊ लागली.

वॉर्डात लोक हसले. वेळ आली तेव्हा गुलाबचाच फ्यूज गेला, असं आमचे हे म्हणाले. गुलाबनं ते ऐकलं आणि तोही हसला. पुन्हा भजनं आणि बारशी सुरू झाली. माइक तपासताना तो आता नुसताच आकडे मोजायचा.

मार्चमध्ये शाळा सकाळची झाली होती. एका दुपारी मी मायची चाळणी परत द्यायला गेले. दार उघडं होतं. माय जमिनीवर बसली होती. तिच्यासमोर लाकडी पेटीतला स्पीकर, आणि त्या पेटीवर तिचे दोन्ही तळवे पसरलेले. शेजारी गुलाब माइक अगदी ओठांशी धरून छोट्या गाडीचं गाणं म्हणत होता, इतक्या खालच्या आवाजात की मला दारातही जेमतेम ऐकू येत होतं. मायचे डोळे मिटलेले होते. पायाचा अंगठा ठेक्यावर हलत होता.

मध्येच तिनं डोळे उघडले.

"हे अर्धंच येऊन राह्यलं," ती म्हणाली. "हाताले झिनझिन नाही लागत. तो लंबा पोरगा कोठी गेला?"

गुलाब तिच्यासमोर सरकला, तिला ओठ दिसतील असा. "नागपूरले, माय. मोठ्या पार्टीत गेला."

"मंग तू काहून नाही गेला?"

गुलाबनं टॉवेलानं माइक पुसला. बराच वेळ पुसला. "त्याइले एकच पाह्यजे होता," तो म्हणाला.

मी चाळणी हातात धरून उभी होते. माझ्याच ओसरीवर, माझाच चहा पिऊन, तो माणूस दोनदा म्हणाला होता, दोघंही या.

मायनं थोडा विचार केला.

"मंग त्याइचे कान खराब असन," ती म्हणाली आणि तळवे पुन्हा पेटीवर ठेवले. "चाल, पह्यलेपासून म्हन."

गुलाबनं पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी ओळ संपली की तो माइक दातांपाशी नेत होता आणि गिटारच्या जागा तोंडानं भरत होता.